जे आधी होईल ते

‘एकच मालक, लेडी ड्रिव्हन, गाडी अगदी कमी चाललेली.’ जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ही ओळ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेली असते. एरवी रस्त्यात पुढची गाडी जरा अडखळली, की ‘बाई चालवत असणार’ म्हणून हसणारे हेच लोक. पण गाडी विकायची वेळ आली, की ती बाईने चालवली होती हे अगदी ठळक अक्षरांत छापतात! बाईचं नाव घेतल्याने एखाद्या वस्तूचा भाव वाढावा, अशी ठिकाणं आपल्याकडे मोजकीच. त्यामुळे ती ओळ वाचून मनातल्या मनात थोडं बरंही वाटतं.

पण मैत्रिणींनो, गाडी जर टर्बो पेट्रोल इंजिनाची असेल आणि तिला सात-आठ किंवा त्याहून जास्त वर्षं झाली असतील, तर या कौतुकावर पटकन विसंबू नका. ‘कमी चाललेली’ हे तिचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही. उलट, ती कमी चालली म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं असू शकतं. आणि हे इंजिन दुर्लक्ष सोडून बाकी सगळं सहन करतं.

आता हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणाला वाटेल. त्याला कारण आहे. टर्बो पेट्रोल हे प्रकरण आपल्याकडे मोठ्या, महागड्या गाड्यांपुरतं होतं तोवर आपला त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. मग २०१३ साली इकोस्पोर्ट आणि पोलो जीटी या आटोपशीर गाड्या छोटं टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन आल्या. २०१४ मध्ये टाटाची झेस्ट आली, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही थ्री डबल ओ आणि ह्युंदाईची व्हेन्यू. यातली पोलो चाकणला बनायची, नेक्सॉन रांजणगावची. म्हणजे आपल्याच मातीतल्या म्हणा ना. पुढे फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पोलो २०२२ मध्ये बंद झाली. पण रस्त्यावरच्या गाड्या कुठे जातात? पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकाने नवी गाडी घेतली, की ही जुनी तालुक्याच्या गावी येते. तिथे ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला जाते. ‘तुला गावातल्या गावात पुरेल,’ असं म्हणत किल्ली हातात पडते.

आणि ती किल्ली म्हणजे काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वीस किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी शिक्षिका, दुपारची ड्युटी संपवून रात्री परतणारी परिचारिका, सासऱ्यांना डायलिसिसला नेणारी सून, या सगळ्यांची ती एसटीच्या वेळापत्रकातून झालेली सुटका असते. गाडी रस्त्यात बंद पडली, तर नुसतं टोइंगचं बिल येत नाही. त्याबरोबर ‘सांगितलं होतं, कशाला हवी गाडी’ हे वाक्यही येतं. दोन-तीन वेळा असं झालं, की गाडी उभी राहते आणि बाई पुन्हा स्टँडवर. म्हणून या इंजिनाचं बरंवाईट आपणच समजून घ्यायला हवं.

टर्बो म्हणजे नेमकं काय? साध्या इंजिनात पेट्रोल जळून तयार झालेला गरम धूर सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये त्याच धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. चुलीला फुंकणीने फुंकर घातली की जाळ कसा भडकतो, तसंच. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद देतं. कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ सालीच तिचं पेटंट मागितलं होतं.

पण ही ताकद ज्या दांड्यावर तोललेली असते, त्याची अवस्था बघा. आपला स्वयंपाकघरातला मिक्सर पूर्ण वेगात मिनिटाला वीसेक हजार फेरे घेतो, तरी त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो! एका बाजूला नऊशे अंशांच्याही पुढचा गरम धूर, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मधे दांड्याला धातूचा स्पर्श होऊ न देणारा इंजिन ऑइलचा पातळसा थर. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा या ऑइलवर अक्षरशः तरंगत असतो. ऑइल स्वच्छ आणि पुरेसं असेल, तर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार फिरतो. पण ऑइल जुनं झालं, कमी झालं किंवा त्याच्या बारीक नळीत काजळी अडकली, तर काही क्षणांत घासायला लागतो.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं, की कढईच्या कडेला चिकट काळं किटण बसतं. तारेच्या घासणीनेही ते निघत नाही. इंजिनातल्या ऑइलचंही वेगळं काही होत नाही. ते तापतं, काळं पडतं, घट्ट होतं आणि शेवटी त्याचा गाळ होतो. आपली कढई आपल्याला दिसते. इंजिनाची कढई झाकलेली असते, एवढाच काय तो फरक.

आता ‘कमी चाललेल्या’ गाडीकडे वळू. सकाळी मुलांना शाळेत सोडलं, दीड किलोमीटर. परत येताना भाजी. दुपारी बँक, संध्याकाळी क्लास. दिवसभरात सहा वेळा गाडी सुरू झाली आणि मिळून आठ किलोमीटर चालली. आपल्याला वाटतं, किती कमी वापर! पण इंजिनाच्या दृष्टीने हा सगळ्यात खडतर वापर आहे. गाडीचा तापमानाचा काटा मध्यावर येतो तो पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइल नीट तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. ते तापायच्या आतच आपण गाडी बंद करतो. पेट्रोल जळताना तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली असती, तर ते उडून गेलं असतं. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तिथेच साचतं. ऑइल पातळ होतं, आंबतं म्हणा ना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे थोडं कमी, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त.

म्हणूनच गाडीच्या माहितीपुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्याखाली एक छोटंसं वाक्य असतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. काही कंपन्या पंधरा हजार म्हणतात, पण एक वर्ष मात्र कायम. आपल्या घरांत या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि दुसरा सोयीस्करपणे गाळला जातो. ‘अजून दहा हजार कुठे झालेत? चाललीये किती?’ असं म्हणत वर्षाला साडेतीन हजार चालणाऱ्या गाडीचं ऑइल तीन वर्षं तसंच राहतं. किलोमीटरच्या हिशेबाने बरोबर, कॅलेंडरच्या हिशेबाने तीनपैकी दोन सर्व्हिसिंग बुडालेली. त्याच पुस्तकात बहुतेक वेळा आणखी एक पान असतं, ‘खडतर वापर’ या अर्थाचं. त्यात धूळ, सतत थांबत-चालत जाणं आणि लहान लहान फेऱ्या हे सगळं येतं, आणि अशा गाडीचं ऑइल आणखी लवकर बदला, असं लिहिलेलं असतं. ते पान आपल्यासाठीच छापलेलं आहे, असं समजा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जगातल्या पहिल्या टर्बो पेट्रोल मोटारींपैकी एक म्हणजे १९६२ मध्ये अमेरिकेत आलेली ओल्ड्समोबिल जेटफायर. तिच्या इंजिनाला जादा उष्णतेपासून वाचवायला शुद्ध पाणी आणि मिथेनॉलचं एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. टाकी रिकामी झाली, की टर्बोची ताकद आपोआप कमी व्हायची. लोक ती भरायला विसरायचे, मग ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार करायचे. जेमतेम दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीने अनेकांच्या गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. यंत्र हुशार होतं. पण त्याला जी रोजची काळजी हवी होती, ती कुणी घेत नव्हतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. फोक्सवॅगनच्या पसाट गाडीतलं १.८ लिटरचं टर्बो इंजिन अमेरिकेत भरपूर विकलं गेलं. पुढे त्यांतल्या अनेक इंजिनांत ऑइलचा गाळ साचू लागला. गाळाने ऑइल खेचणारी जाळी तुंबायची आणि इंजिन कोरडं पडायचं. शेवटी २००४ मध्ये कंपनीने १९९८ ते २००४ च्या गाड्यांसाठी या एका दोषाची वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवली. मात्र ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा दाखवा, अशी अट होती. म्हणजे त्या घरांत जिने किंवा ज्याने पावत्या जपून ठेवल्या, त्यांचं इंजिन वाचलं. आता यात सगळा दोष मालकांचा होता का? मुळीच नाही. त्या इंजिनात मावणारं ऑइलच थोडं होतं, आणि ते तापायचं जास्त. कंपनीच्या रचनेत उणीव असते तेव्हा देखभालीला चूक करायला जागाच उरत नाही. पण गाडी घेतल्यावर रचना आपण बदलू शकत नाही. ऑइल मात्र बदलू शकतो!

आता खरा मुद्दा. ऑइल बदलायचं हे कोण ठरवतं?

घरातला किराणा किती आला, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, कुणाला कुठली लस कधी दिली, याची नोंद बाईकडे असते. शिलाई मशीनला तेल घालायचं तिला कुणी सांगावं लागत नाही. कुकरची शिट्टी वेगळी वाजली, तर शेजारच्या खोलीतूनही तिला कळतं. पण तीच बाई रोज चालवत असलेल्या गाडीचं सर्व्हिसिंग कधी झालं, हे विचारलं तर म्हणते, ‘ते हेच बघतात.’ आणि ‘हे’ गाडी चालवत नाहीत! इंजिनाचा आवाज बदललाय, चढावर पूर्वीसारखी ओढत नाही, हे चालवणारीला कळतं. निर्णय मात्र दुसऱ्याचा. गॅरेजमध्ये गेलं, की मिस्त्री म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही बसा, साहेबांना फोन लावून द्या.’ साहेब फोनवरूनच सांगतात, ‘सध्या काही करू नका, दिवाळीनंतर बघू.’ यात साहेब वाईट आहेत असं नाही. ज्याच्या कानावर आवाज पडत नाही, त्याला घाई कशी वाटणार?

माझं म्हणणं एवढंच आहे, की जिच्या हातात किल्ली, तिच्याच हातात गाडीची वही असावी. दोनशे पानी रजिस्टर नको, मुलांची अर्धवट वापरलेली वही पुरे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठलं ऑइल घातलं, किती पैसे. मागे पावत्या टाचणीने लावलेल्या. टर्बो पेट्रोल गाडीचं आयुष्य मीटरवर मोजायचं नसतं, या वहीवर मोजायचं असतं. आणि गाडी विकायच्या वेळी ‘लेडी ड्रिव्हन’ या दोन शब्दांपेक्षा ही वहीच गाडीला खरा भाव मिळवून देते.

वहीत पहिली नोंद ऑइलची. जुनी टर्बो गाडी असेल आणि गावातल्या गावात चालत असेल, तर वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचाच, किलोमीटर कितीही कमी असोत. इंजिन दहा वर्षांच्या आसपासचं असेल, तर सहा महिन्यांनी किंवा पाच हजारांवर बदललं तरी पैसे फुकट जात नाहीत. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच. ‘सगळ्यांना हेच घालतो, काही होत नाही,’ असं म्हणत ड्रममधून काढून दिलेलं नको. काही इंजिनांत, फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या, टायमिंग बेल्टसुद्धा ऑइलमध्येच भिजलेला फिरतो. चुकीच्या किंवा जुन्या ऑइलमध्ये तो बेल्ट झडतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं!

दुसरी नोंद महिन्याची. ऑइलची काठी तपासायला कुणाची मदत लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, चालवून आल्यावर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. काठी बाहेर काढून जुन्या सुती कापडाने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून बघा. दोन खुणांच्या मधे ऑइल दिसलं पाहिजे. टर्बो इंजिन थोडंफार ऑइल पितं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन सर्व्हिसिंगच्या मधे ते खालच्या खुणेपर्यंत गेलं आणि आपल्याला कळलंच नाही, हे धोक्याचं. वरच्या खुणेपेक्षा जास्तही भरायचं नाही. ऑइलची लाल खूण डॅशबोर्डवर लागली, तर मात्र ‘घरी पोचू आणि बघू’ म्हणायचं नाही. गाडी कडेला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. ही खूण ऑइलचा दाब गेल्याची असते, आणि पुढचा एक किलोमीटर इंजिनाचा शेवटचा ठरू शकतो.

चालवण्याच्या सवयी दोन-तीनच. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून हळूहळू निघा. पहिली दहा मिनिटं जोर नको. पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलात किंवा हायवेवरून जोरात आलात, तर चहासाठी थांबल्या थांबल्या किल्ली फिरवू नका. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह एकदम थांबला, की ते जागच्या जागी करपतं. बऱ्याच नव्या इंजिनांत टर्बोला पाण्यानेही थंड करतात आणि इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप चालू राहतो, त्यामुळे हा धोका कमी झालाय. तरी जुन्या गाडीला एक मिनिट द्यायला काय हरकत आहे? गावातून हळू आलात तर मात्र दारात पाच मिनिटं घुर्रघुर्र करत बसायची गरज नाही.

आणखी एक. ‘मायलेज हवं तर लवकर वरचा गिअर टाक,’ हा सल्ला घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्याला दिलेला असतो. टर्बो इंजिनाला चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ओढायला लावणं हे त्याच्या छातीवर बसण्यासारखं आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या इंजिनांत अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो आणि पिस्टनला धक्का बसतो. २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ दर्जाच्या ऑइलमध्ये हा धोका कमी करण्याची खास तरतूद आहे. पुस्तकातल्या ग्रेडबरोबर डब्यावर हीही अक्षरं बघून घ्या. आणि चढावर निःसंकोच एक गिअर खाली या. महिन्यातून एक-दोनदा गाडी तास-अर्धा तास सलग चालवा. माहेरी जायला कारण हवं असेल, तर हे घ्या, इंजिनिअरिंगचं कारण!

बिघाडाची भाषाही थोडी शिकून घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर पाणी आत शिरत असणार. ताकद गेली आणि सूं सूं आवाज आला, तर हवेचा पाइप कुठेतरी फाटला किंवा निसटला असण्याचीच शक्यता जास्त. पावसाळ्यात गाडी धक्के देत असेल, तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघायला सांगा. हे सांगण्याचं कारण असं, की ‘ओढत नाही’ म्हटलं की काही ठिकाणी थेट ‘टर्बो गेला’ असं उत्तर मिळतं, आणि नवा टर्बो म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा. त्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पाइप तपासले का? स्कॅनर लावून कुठला कोड आला? काढलेला जुना भाग मला दाखवाल का? हे प्रश्न शांतपणे, ‘भाऊ’ म्हणूनच विचारावेत. चांगला मिस्त्री रागवत नाही. उलट, पुढच्या वेळी तो साहेबांना फोन लावायला सांगत नाही.

थेट इंजेक्शनच्या इंजिनांची आणखी एक खोड असते. पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचा थर बसतो. तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. टरफल काजळी खरवडतं, पण धातूला ओरखडा पडत नाही. प्रत्येक गाडीला हे लागतंच असं नाही, म्हणून कुणी आग्रह धरला तर आधी कॅमेऱ्याने आतलं चित्र दाखवा म्हणा.

अशी जुनी गाडी घ्यायचीच असेल, तर बघायला जाण्याआधी फोनवर सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन सारवासारव करतं. सुरू होताना धूर, खडखड, काय होतं ते ऐका. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा. काळं किटण असेल तर नमस्कार करून परत या. झाकणाखाली दुधट साय दिसली, तर ती लहान फेऱ्यांची वाफ असेल किंवा कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल. कोणतं ते माहीतगाराकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सर्व्हिसिंगच्या तारखा मागा. किलोमीटर नकोत, तारखा! तीस हजार चाललेली आणि तारखा नसलेली गाडी, तसंच नव्वद हजार चाललेली आणि दर वर्षीची पावती असलेली गाडी समोर उभी असेल, तर मी डोळे झाकून दुसरी निवडायला सांगेन. नेहमीचा गाडीचा विमा झिजेतून आलेला बिघाड भरून देत नाही, हेही लक्षात असू द्या. इंजिन गेलं, तर ते आपल्याच पर्समधून.

मग कुणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा साधं, बिनटर्बोचं इंजिन काय वाईट? अजिबात वाईट नाही. ज्या घरात गाडी रोज फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणार आहे, हायवे किंवा घाट कधीतरी सणावारी, तिथे मी साध्या इंजिनाचीच गाडी घ्या म्हणेन. ते जास्त सोशिक असतं. पण रोज वीस-पंचवीस किलोमीटर जायचंय, मधे चढ आहे, मागे चार माणसं बसतात, तिथे टर्बोची ताकद खरोखर उपयोगाची आहे. ओव्हरटेक करताना समोरून ट्रक येत असतो, तेव्हा ती ताकद चैन नसते. ‘टर्बो म्हणजे कटकट’ हे जितकं अर्धसत्य, तितकंच ‘पेट्रोल गाडीला काय लागतं’ हेही अर्धसत्य. नीट ऑइल मिळालेली टर्बो इंजिनं लाख-दीड लाख किलोमीटर सहज चालताना दिसतात.

सोशिक असण्याचं कौतुक आपल्याकडे फार. बाईचंही आणि यंत्राचंही. काही न मागता जे चालत राहतं ते चांगलं, आणि वेळेवर काही मागितलं की ते कटकटीचं. टर्बो इंजिन सोशिक नाही. त्याला वर्षातून एकदा काही हजार रुपयांचं चांगलं ऑइल आणि थोडं लक्ष हवं असतं, आणि ते मिळालं नाही तर ते मुकाट्याने सहन करत नाही. यात मला तरी त्याचा काही दोष दिसत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एक काम करा. गाडीच्या कप्प्यातलं सर्व्हिस बुक काढा आणि शेवटच्या ऑइल बदलाची तारीख शोधा. वर्ष उलटून गेलं असेल, तर उद्या सकाळी गॅरेजला फोन करा. तो फोन तुम्हीच करा.